मुंगी घाट चढताना अंगातला ताप ओळखा

चैत्र शुद्ध द्वादशीला नातेपुत्याच्या आसपासचे रस्ते शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे वळतात. सासवडची भूतोजी तेली महाराजांची मानाची कावड आणि गावोगावच्या कावडी मुंगी घाटाची उभी चढण चढून शंभू महादेवाच्या भेटीला जातात. खडकात पाय रोवून, हाताला हात धरून, माणसांची साखळी करून कावड वर नेली जाते. यात कष्ट हीच सेवा असते. मात्र त्या दिवसांत या भागात पारा ४० अंशांकडे झुकलेला असतो. अशा वेळी शरीरात काय घडते, हे प्रत्येक कावडकऱ्याला माहीत असायला हवे.

घाम येतो, पण वाळतो का?

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. चढण चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा बहुतांश भाग उष्णतेत बदलतो. ती बाहेर टाकण्याचे उन्हाळ्यातले मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण नुसत्या गळणाऱ्या घामाने गारवा मिळत नाही, तो वाळणाऱ्या घामाने मिळतो. खांद्याला खांदा भिडलेल्या गर्दीत वारा लागत नाही, दमट हवा तिथेच कोंडते आणि घाम वाळत नाही. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर पाणी घामावाटे सहज जाते. त्यातच आदल्या दिवशी कामदा एकादशीचा उपवास असतो. तो निर्जळी केला असेल, तर माणूस घाटाच्या पायथ्याशी येतो तोच शरीरातले पाणी कमी घेऊन.

ही सांगड किती घातक ठरते, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील लाकोटा आदिवासींमध्ये बंद झोपडीत तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत बसण्याचा शुद्धीचा विधी आहे. परंपरेने त्यात मधूनमधून दार उघडतात आणि सहन होत नसेल त्याला बाहेर जाऊ देतात. २००९ साली ॲरिझोना राज्यातील सेडोना येथे एका व्याख्यात्याने पैसे घेऊन असाच कार्यक्रम भरवला. सहभागी आधी उपाशी-तहानलेले राहिले होते आणि आत त्यांना टिकून राहण्याचा आग्रह होत होता. तिघांचा जीव गेला आणि व्याख्यात्याला तुरुंगवास झाला. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. तिथे तर लोक केवळ उन्हात बसले होते.

चढण्यापूर्वी

उन्हातल्या कष्टाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. शेतात राबणाऱ्याला ती असते. पुण्या-मुंबईहून आदल्या रात्री आलेल्याला नसते. त्याने साखळीत शिरण्याऐवजी पायरीच्या किंवा गाडीच्या रस्त्याने दर्शनाला जावे. हृदयविकार व मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेले आणि मद्य घेतलेले यांनी घाट टाळावा. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी उष्णता सोसण्याची ताकद घटते. मात्र गोळ्या परस्पर बंद करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपवास आणि चढण एकत्र करू नये.

उपवास असला तरी पाणी घ्यावे. वाटेत दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी, मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा कैरीचे पन्हे प्यावे. घरी करायचे असेल, तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. तासन् तास नुसतेच साधे पाणी भरमसाट पिणेही बरे नाही. त्याने रक्तातले मीठ कमी होते.

साखळीतली रीत

कावड एका खांद्यावर अखेरपर्यंत नेत नाहीत. खांदा बदलणे ही जुनीच रीत आहे, त्यात कमीपणा नाही. थकलेल्याला डिवचू नये. बाहेर पडणाऱ्याने हात अचानक सोडू नये, आवाज द्यावा आणि शेजाऱ्याने त्याची जागा घेतल्यावर कडेला व्हावे. प्रत्येकाने एक जोडीदार ठरवावा आणि दोघांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावे. वाट अडवून बसू नये, आजाऱ्याला खाली नेणारी वाट तीच असते.

‘अंगात आले’ की उष्माघात?

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, गरगरणे ही पहिली सूचना. लगेच सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, पाणी घ्यावे. त्यापुढची पायरी उष्माघाताची. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, झटके येतात. यात्रेत हे ‘अंगात आले’ समजून सोडून दिले जाण्याचा धोका मोठा आहे. अशा वेळी त्याला नाव, गाव आणि वार विचारावा, छातीला-पाठीला हात लावून पाहावा. उत्तर चुकत असेल आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघातच धरावा. कष्टाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते, त्यावर फसू नये.

ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता अंग गार करायला घ्यावे. सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे आणि उपरण्याने जोरात वारा घालावा. बर्फ मिळाल्यास मान, काखा आणि जांघेत ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, कुशीवर वळवावे. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीर गार झाले, तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून प्रत्येक कावडीसोबत दोन माणसे केवळ पाणी, ओले पंचे आणि चालू फोन घेऊन चालावीत. तीही सेवाच आहे.