द्वारका चौकातले कॅनरी

सकाळी सात. पुण्याकडे निघणाऱ्या गाड्या आणि मुंबई-आग्रा महामार्गाचे ट्रक नाशिकच्या द्वारका चौकात रात्रभर चालूच असतात. उजाडलं हे इथे आवाजावरून कळत नाही. जानेवारीत फटफटलं की मी मागच्या खोलीचा काळा पडदा सरकवतो, मग पिंजऱ्यांवरची पांढरी कापडं काढतो. कापड पांढरंच हवं. आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके हलताना दिसले की समजायचं, माइट आले. ते रात्री निघून पक्ष्याचं रक्त पितात.

साडेसातला दाणापाणी. कॅनरी सीड, थोडा राळा, चिमूटभर कारळे. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण फुंकर मारली की नुसती टरफलं उडतात. भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतो, तो असा.

आठला सगळ्यात नाजूक काम. मादी रोज सकाळी एक अंडं घालते आणि लगेच उबवायला बसू पाहते. तसं बसू दिलं तर पिल्लं एकेक दिवसाच्या अंतराने फुटतात आणि शेवटचं चिमुकलं थोरल्यांच्या चोचींपुढे टिकत नाही. म्हणून ती पाण्याला उतरली की चमच्याने अंडं उचलायचं आणि घरट्यात प्लास्टिकचं ठेवायचं. खरी अंडी कापसात, रोज हलक्या हाताने फिरवलेली. चौथं आलं की चारही परत. तिथून तेरा-चौदा दिवस.

दहाला पिल्लं असलेल्या जोड्यांना उकडलेलं अंडं, टोस्टच्या चुऱ्यात कुस्करून. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम असतो. ऊन आलं की आंघोळीची ताटली; थंडीत दुपारनंतर मात्र नाही.

चारला गिऱ्हाईक.

‘‘काका, हा लाल रंग पक्का ना?’’

पक्का नाही, हे मी आधीच सांगतो. मूळचा कॅनरी, अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवरचा, हिरवट पिवळा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत व्हेनेझुएलाच्या लाल सिस्किनशी त्याचा संकर झाला आणि लाली रक्तात आली. तरी ती पिसांत उतरते खाण्यातून. जुनी पिसं गळून नवी फुटतात त्या आठवड्यांत रंग देणारी कॅरोटिनॉइड मिळाली नाहीत तर पुढच्या वर्षी हाच पक्षी फिका नारिंगी दिसेल. फुटून झालेल्या पिसाला मग काही खाऊ घाला, उपयोग शून्य. एवढं ऐकून बरेच जण पिवळाच नेतात. कुणी मुनिया मागतो. ती आपली रानातली. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ती पाळता येत नाही, विकताही येत नाही.

साडेसहाला पडदा बंद. माझ्या मते या धंद्यातलं खरं कौशल्य हेच, चौकातल्या दिव्यांच्या उजेडात पक्ष्यांसाठी अंधार करणं. कॅनरीचं सगळं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस वाढू लागला की विणीची तयारी, तो आखडू लागला की पिसं गळणं. त्या गळतीत नर बहुधा गप्प असतो.

नऊला फोन.

‘‘काका, तुमचा नर गातच नाही. पिसंही पडतायत.’’

‘‘ठेवलाय कुठे?’’

‘‘हॉलमध्ये, टीव्हीशेजारी.’’

‘‘दिवा किती वाजता बंद करता?’’

‘‘होतात बारा.’’

‘‘मग आत्ताच आतल्या खोलीत न्या. आणि उद्यापासून संध्याकाळी सातला कापड.’’