महिंद्राची विजेवरची शर्यतगाडी : ऐकीव काय, खरं काय

इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. फॉर्म्युला ई या विजेवरच्या शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत महिंद्राचा संघ पहिल्या दिवसापासून उतरतो, हेही आता बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. या दोन गोष्टींची सांगड घालून एक गोष्ट तयार झाली आहे : ‘ती शर्यतीची गाडी आपल्या इगतपुरीतच बनते.’ ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही. आणि खरी हकिकत यापेक्षा कितीतरी अधिक सांगण्याजोगी आहे.

इगतपुरीत बनतात ती रस्त्यावरच्या गाड्यांची इंजिनं. शर्यतीच्या गाडीत इंजिन नसतंच, मोटार असते. ती गाडी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या बॅनबरी या गावी, संघाच्या तळावर उभी केली जाते. तिचा सांगाडा फ्रान्सची स्पार्क रेसिंग टेक्नॉलॉजी पुरवते आणि तो सगळ्या संघांना एकच असतो. बॅटरीही सगळ्यांना एकच. मागच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा मात्र प्रत्येक उत्पादकाची स्वतःची असते, आणि महिंद्रा २०१९-२० च्या हंगामापासून त्यासाठी जर्मनीच्या झेडएफ कंपनीबरोबर काम करत आली आहे. मालकी आणि नाव भारतीय, घडण अनेक देशांची. यात कमीपणा काहीच नाही, फॉर्म्युला वनचे बहुतेक संघही इंग्लंडच्या याच पट्ट्यात आहेत. इगतपुरीच्या कारखान्याची स्वतःची ओळख वेगळी आहे : देशातला पहिला कार्बन-न्यूट्रल कारखाना म्हणून २०१९ मध्ये त्याची घोषणा झाली. त्याला शर्यतगाडीचं उसनं श्रेय चिकटवण्याची गरज नाही.

याच्या अगदी उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. ‘सांगाडा एक, बॅटरी एक, मग महिंद्राचं काय? नुसता रंग आणि नाव!’ ही टीका एका हंगामापुरती बरोबर होती. १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगला पहिली शर्यत झाली, तेव्हा दहाही संघांकडे हुबेहूब एकच गाडी होती : स्पार्क-रेनो. सांगाडा इटलीच्या दल्लाराचा, मोटार मॅक्लारेनची, बॅटरी विल्यम्सची. दुसऱ्या हंगामापासून मोटार, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि थंड ठेवण्याची यंत्रणा स्वतः घडवायला परवानगी मिळाली. ज्या आठ उत्पादकांनी हे अंगावर घेतलं त्यात महिंद्रा होती. त्या गाडीचं नाव एम२-इलेक्ट्रो, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंगलाच निक हाइडफेल्डने तिला तिसऱ्या क्रमांकावर आणलं. पुढे तिसऱ्या पिढीच्या गाडीचा आराखडा ठरत होता, तेव्हा २०२० मध्ये त्यात उतरण्याचा शब्द सर्वांत आधी महिंद्रानेच दिला.

बाहेरून दिसायला सारख्या असणाऱ्या या गाड्यांमधला खरा फरक सॉफ्टवेअरमध्ये असतो. मोटारीला किती वीज कुठल्या क्षणी द्यायची, ब्रेक लावल्यावर किती परत घ्यायची, बॅटरी तापू नये म्हणून कुठे हात आखडता घ्यायचा, हे तिथे ठरतं. ते प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून ‘नुसता रंग’ वाटतो.

आता ब्रेकचा मुद्दा. इथे इगतपुरीच्या माणसाला जगातल्या कुणीही शिकवायला नको. ‘ब्रेक दाबला की शक्ती वाया गेली’ हे पेट्रोलच्या गाडीला लागू आहे. विजेच्या गाडीत चाकांनीच मोटारीला फिरवलं की तीच जनित्र होते आणि वीज तयार करते. ते करताना चाकांना जो विरोध होतो, तोच ब्रेक. थळ घाटात कसारा ते इगतपुरी हा चढ दर ३७ फुटांना एक फूट असा आहे. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली, तेव्हा ‘खेकडा’ म्हणून ओळखलं जाणारं मालगाडीचं इंजिन उतारावर हेच करायचं. आजची तीन फेजची इंजिनंही इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना वीज परत वरच्या तारेत सोडतात. फॉर्म्युला ईच्या तिसऱ्या पिढीच्या गाडीने हे तत्त्व टोकाला नेलं. पुढे आणि मागे मिळून ती ब्रेक लावताना ६०० किलोवॉटपर्यंत वीज परत घेऊ शकते. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नाहीत, आणीबाणीपुरती वेगळी सोय तेवढी आहे. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ४० टक्के भाग असा परत मिळवलेला असतो. घाटात ही वीज तारेत जाते, इथे बॅटरीत, एवढाच काय तो फरक.

‘विजेच्या गाडीला वेग नाही’ आणि ‘हे कालपरवाचं फॅड आहे’ या दोन्ही समजुतींना इतिहासच उत्तर देतो. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेवरची होती. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने ती पॅरिसजवळ ताशी १०५ किलोमीटरच्या वर नेली. फॉर्म्युला ईची पहिली गाडी ताशी २२५ किलोमीटरला थांबायची, तिसऱ्या पिढीची ३२० च्या आसपास जाते. अर्थात फॉर्म्युला वनची गाडी पूर्ण फेरीत खूपच वेगवान आहे, तिथे उगाच बरोबरी सांगू नये. फॉर्म्युला ईच्या गाडीचा पराक्रम थांबलेल्या अवस्थेतून उसळी घेण्यात आणि हातातली वीज पुरवून वापरण्यात आहे.

पुरवून वापरणं हे शर्यतीच्या शौर्यात बसत नाही असं मानणाऱ्यांनी पहिली ग्रां प्री आठवावी. १९०६ मध्ये ल मान्सला दोन दिवसांत १२०० किलोमीटरहून जास्त धाव होती. जिंकली फेरेन्क सिझची रेनो, ९० अश्वशक्तीची. तिच्याहून ताकदवान गाड्या मागे राहिल्या, कारण रेनोने मिशेलॅनची काढता-घालता येणारी रिंग लावली होती आणि फाटलेला टायर काही मिनिटांत बदलता येत होता. ग्रां प्रीचा जन्मच मुळी अशा हिशेबातून झाला आहे.

‘मध्येच गाडी बदलावी लागायची म्हणजे बॅटरी निकामी’ असंही ऐकू येतं. पहिल्या चार हंगामांत ते खरोखर घडायचं : अर्ध्या शर्यतीनंतर चालक पिटमध्ये येऊन पट्टे सोडवायचा, बाहेर उडी मारायचा, दुसऱ्या भरलेल्या गाडीत बसून निघायचा. त्या बॅटरीत वापरण्याजोगी वीज २८ युनिट होती. २०१८-१९ पासून ती ५४ युनिटवर गेली आणि एकच गाडी पूर्ण शर्यत धावू लागली. अवघ्या चार वर्षांत बॅटरीची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली, हे मला या स्पर्धेचं सर्वांत ठोस यश वाटतं.

गाडीच्या याच अदलाबदलीने महिंद्राचा एक विजय हिरावून घेतला. जून २०१७, बर्लिनचं जुनं टेम्पेलहोफ विमानतळ. शनिवारी १० तारखेला स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टने महिंद्राला फॉर्म्युला ईमधला पहिला विजय मिळवून दिला, आणि हाइडफेल्ड तिसरा आला. रविवारी रोझेनक्विस्ट पुन्हा सर्वांत आधी रेषेपार गेला. पण गाडी बदलून निघताना संघाने त्याला हाइडफेल्डच्याच वाटेत सोडलं होतं. त्यासाठी दहा सेकंदांची शिक्षा झाली आणि विजय सेबास्तियन ब्युएमीकडे गेला. गाडी कितीही चांगली असली तरी पिटमधला माणूस चुकला की निकाल बदलतो. त्या हंगामात महिंद्रा संघांत तिसरी आली.

म्हणजे ‘भारतीय संघ नुसता हजेरी लावतो’ हेही चूक. बर्लिननंतर २०१७ च्या डिसेंबरात हाँगकाँग, २०१८ च्या जानेवारीत माराकेश, २०१९ मध्ये पुन्हा माराकेशला जेरोम दाम्ब्रोसियो, २०२१ मध्ये लंडनला ॲलेक्स लिन : २०२५ च्या हंगामाअखेर एकूण पाच विजय. पडता काळही मोठा होता. २०२३ मध्ये केपटाउनला मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षेची शंका आल्यावर महिंद्राने शर्यतीतून गाड्या काढून घेतल्या. चालकाच्या जिवापुढे गुण सोडले, आणि माझ्या मते तो योग्यच निर्णय होता. त्या हंगामात संघ तळाजवळ राहिला. दोन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये तोच संघ चौथ्या क्रमांकावर होता.

भारतीय उत्पादकाचा पहिला ग्रां प्री विजय मात्र चारचाकीवरचा नव्हे. तो दुचाकीवर आला, जून २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या असेनला, मोटो-३ वर्गात, महिंद्राच्या एमजीपी-३ओ वर. चालक होता फ्रान्चेस्को बान्याया, जो पुढे मोटोजीपीचा जगज्जेता झाला. हा विजय आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

‘भारतीय संघ म्हणजे भारतीय चालक’ असंही नाही. महिंद्राकडून फॉर्म्युला ईची शर्यत धावलेला भारतीय म्हणजे चेन्नईचा करुण चंढोक, तोही पहिल्याच हंगामात. बीजिंगला तो पाचवा आला होता. मुंबईचा जेहान दारूवाला संघाचा राखीव चालक होता, पण प्रत्यक्ष स्पर्धेत धावला तो मासेरातीकडून. भारतात ही स्पर्धा एकदाच झाली : ११ फेब्रुवारी २०२३, हैदराबाद, हुसेनसागरच्या काठी. महिंद्राचा ऑलिव्हर रोलंड सहावा आला. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली.

शर्यतीतली मोटार उचलून चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या गाडीत बसवता येत नाही. घरी येते ती वीज आणि उष्णता सांभाळण्याची जाण. म्हणून पुढची शर्यत टीव्हीवर बघाल तेव्हा पहिला कोण आहे याबरोबरच प्रत्येक चालकाच्या नावापुढे दिसणारा उरलेल्या ऊर्जेचा टक्का बघा. पुढे असणाऱ्यापेक्षा मागच्याकडे दोन-तीन टक्के जास्त उरले असतील, तर शेवटच्या फेऱ्यांत तो मागचाच धोकादायक ठरतो.