हळदीतला तोतया!

दप्तर उघड आणि शिसपेन्सिल बाहेर काढ बरं. काढलीस? आता सांग, हिच्यात शिसं किती असेल?

शून्य! कणभरसुद्धा नाही! आत असतं ग्राफाइट आणि चिकणमाती. फार पूर्वी लोकांना ते काळं ग्राफाइट शिशासारखं वाटलं. नाव चिकटलं ते चिकटलंच!

मग खरं शिसं कुठे सापडलं, ओळख पाहू! खेळण्यात? भिंतीच्या रंगात? तिथे असू शकतं. पण एका देशात ते सापडलं चक्क... हळदीत!

थांब, आधी शिशाची ओळख करून घेऊ. शिसं हा एक जड, मऊ, राखाडी धातू. आपल्या शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पण तो आहे पक्का तोतया!

हाडं घडवायला शरीराला कॅल्शियम लागतं. ते दुधात असतं, नाचणीच्या भाकरीत असतं. आणि शिसं नेमकं कॅल्शियमचं सोंग घेतं! समज, भलताच मुलगा तुमच्या शाळेचा गणवेश घालून आला. वॉचमनकाका फसले आणि त्याला आत सोडलं. अगदी तस्संच! शिसं रक्तात शिरतं, हाडांत मुक्काम ठोकतं, मेंदूतही घुसतं. तिथे तर वर्गात गोंगाट व्हावा तशी गत. एका पेशीचा निरोप दुसरीला नीट पोचत नाही. मग अभ्यासात लक्ष लागत नाही, नवीन काही शिकणं जड जातं.

आता कान इकडे कर. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा वाटा मोठ्यांचं शरीर शोषतं, त्याच्या 4 ते 5 पट लहान मुलांचं शरीर शोषतं! कारण लहानांची हाडं भराभर वाढत असतात. कॅल्शियमची भूक मोठी, म्हणून दार सताड उघडं!

आता चल बांगलादेशात. तिथल्या खेड्यांत काही बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. जवळपास ना कारखाना, ना गाड्यांची गर्दी. मग आलं कुठून? शास्त्रज्ञांनी गुप्तहेरांसारखा माग काढला आणि पोचले थेट मसाल्याच्या डब्यापाशी!

झालं होतं असं. 1980 च्या दशकात तिथे मोठा पूर आला. हळकुंडं भिजली, फिकी पडली. फिकी हळद कोण घेणार? मग काहीजण हळकुंडांना एक पिवळीधमक पूड चोळू लागले. तिचं नाव लेड क्रोमेट. रंग बनवायला वापरतात ती! तिच्यातच शिसं दडलेलं. पूर ओसरला, पण ही खोड काही गेली नाही. वर्षानुवर्षं ते शिसं डाळीतून, कालवणातून पोटात जात राहिलं.

2019 मध्ये बाजारातले हळदीचे नमुने तपासले, तर 100 पैकी 47 नमुन्यांत शिसं! मग सरकारी अधिकारी बाजारात उतरले. हातात हेअर ड्रायरसारखं दिसणारं क्ष-किरणांचं यंत्र. हळदीवर धरलं, की तोतया पकडलाच! भेसळ करणाऱ्यांना दंड झाला, गावोगावी लोकांना सावध केलं. आणि 2021 मध्ये किती नमुन्यांत शिसं निघालं माहितेय?

शून्य! तुझ्या शिसपेन्सिलीइतकं!

मग आपण काय करायचं? जेवणाआधी हात खसखसून धुवायचे. जुन्या भिंतीचे पोपडे खरवडायचे नाहीत. आणि नाचणीची भाकरी नाक न मुरडता खायची! बाकावर खरंखुरं कॅल्शियम ऐसपैस बसलेलं असलं, की तोतयाला जागा मिळणं अवघडच!