ओलीचा आकडा : संगणकविद्येचा शेतावरील पाठ

दिनांक 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. दहा वाघिणींतून तिने सुमारे 5 लाख लिटर पाणी आणले होते. ज्या जिल्ह्याने ते दिवस पाहिले, तेथील शेतकऱ्यास पाणी मोजून द्यावे हे निराळे सांगावयास नको. मोजावे कशाने, हा प्रश्न मात्र उरतो. मूठभर माती दाबून ओल ओळखण्याची वाडवडिलांची रीत चांगलीच आहे. परंतु मुळांच्या खोलीवरील ओल तिने रोज पाहावयाची, तर रोज खणावे लागेल.

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील अनेक घरांत आज विज्ञान वा तंत्रशिक्षण घेणारे मूल आहे. हे मोजमाप त्याच्या छंदाकडे सोपवावे, असे आम्हांस वाटते. ‘आर्डुइनो’ हा लहानसा संगणक-फलक 2005 साली इटलीतील इव्हरिया या गावी विद्यार्थ्यांकरिता तयार झाला. त्याची रचना सर्वांस खुली आहे. त्यातील ‘उनो’ हा फलक 0 ते 5 व्होल्टचा दाब 0 ते 1023 या आकड्यांत वाचतो. ओल मोजणारी पट्टी त्यास जोडली व चार ओळींची आज्ञावली लिहिली, की मातीची स्थिती आकड्यात दिसू लागते.

पट्टी घेताना धारकता मोजणारी घ्यावी. उघड्या धातूच्या दोन काट्यांची पट्टी स्वस्त असते, पण सतत वीज वाहिल्याने ती ओल्या मातीत लवकर गंजते. धारकतेच्या प्रचलित पट्टीत ओल वाढली की आकडा घटतो. मुले येथे प्रथम गोंधळतात, आणि येथेच खरे शिकू लागतात.

नुसत्या आकड्यास अर्थ नसतो. पट्टीजवळची माती काढून लगेच तोलावी, मृद् चाचणी प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सियसवर 24 तास वाळवावी व पुन्हा तोलावी. 125 ग्रॅम माती वाळून 100 ग्रॅम भरली, तर ओल 25 टक्के. अशा पाच-सहा नोंदी निरनिराळ्या ओलीच्या वेळी घेऊन आपल्या रानाचा तक्ता करावा. शेजाऱ्याचा तक्ता उसना घेऊ नये.

आपली काळी माती वाळताना भेगाळते. पट्टीभोवती हवा शिरली की रान आहे त्याहून कोरडे दिसते. म्हणून पट्टी बसविताना त्याच मातीचा चिखल तिच्या दोन्ही अंगांस घट्ट दाबावा व भेग पडताच पुन्हा बसवावी. वरच्या उघड्या भागास वॉर्निश द्यावे.

आज्ञावलीत एकच मर्यादा ठेवल्यास आकडा तिच्याजवळ हेलकावत असता सूचक दिवा सारखा लागतो व विझतो. दोन मर्यादा ठेवाव्यात : उदाहरणार्थ, 600 च्या वर दिवा लागावा आणि 500 च्या खाली आल्यावरच विझावा.

हाताने करून शिकण्याची ही रीत महाराष्ट्रास नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात ग्रामीण मुले याच रीतीने शिकत आली आहेत. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील दोन-तीन मुलांस एकत्र बसवून, ठिबकाखालील एका वाफ्यापासून आरंभ करावा.

एक हंगाम केवळ दिवाच लावावा. मोटारीच्या स्टार्टरला मुलांनी हात लावू नये; ते काम परवानाधारक वीजतंत्र्याचे आहे.