घरातले लाकूड : लेखांक सहावा – पोळपाटास तेल कोणते द्यावे?

गेल्या लेखांकात सागवान, बाभूळ आणि आंबा यांच्या लाकडाची प्रकृती आपण पाहिली. आता त्यांस द्यावयाच्या तेलाचा विचार करू. आपल्याकडील स्वयंपाकाचा ओटा बहुधा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा असल्यामुळे लाकडी ओट्याचा प्रश्न शहरांतील थोड्या नव्या घरांपुरताच राहतो. परंतु पोळपाट, लाटणे, काठवट, विळीचा पाट आणि अलीकडे घरोघर रूढ झालेली भाजी चिरण्याची फळी हे जिन्नस लाकडाचेच असतात, आणि कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावी, जेथे वैशाखात पारा 43–44 अंशांच्या घरात जातो आणि आषाढ लागताच हवा ओलीचिंब होते, तेथे हे लाकूड दरसाल आकसते, फुगते आणि अखेर नसांच्या रेषेने तडकते.

यावर घरोघरीचा शिरस्ता असा की, फोडणीसाठी जे तेल हाताशी असेल तेच फडक्याने चोळून टाकावयाचे. हा उपाय मला सर्वस्वी अयोग्य वाटतो. जुना पोळपाट उलटा करून त्याच्या पायांच्या सांध्यांशी नख लावून पाहावे: पीठ आणि तेल यांचा काळपट, चिकट थर तेथे बसलेला आढळतो, आणि नाकाशी नेल्यास खवट वास येतो. शेंगदाण्याचे तेल वर्षानुवर्षे लाकडात राहिले तरी ते सुकून घट्ट होत नाही. ते ओलेच राहून हळूहळू खवट होते, धूळ आणि पीठ धरून ठेवते. सोयाबीन व सरकीचे तेल अर्धवट सुकते आणि लाकडावर चिकटा धरते. ज्या मुलखात आज सोयाबीन हेच मुख्य पीक झाले आहे, तेथे ही गोष्ट स्पष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते.

तेल सुकते म्हणजे पाण्याप्रमाणे उडून जाते, असे नव्हे. ज्या तेलाच्या रेणूंत असंपृक्त बंध विपुल असतात, ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू परस्परांस जखडले जातात आणि द्रवाचे रूपांतर टणक पापुद्र्यात होते. ही शक्ती आयोडीन अंकाने मोजतात: शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन ग्रहण करते, तो हा अंक. खोबरेलाचा अंक दहाच्या आसपास, शेंगदाणा तेलाचा 85 ते 100, सोयाबीनचा 120 ते 140, करडईचा 140 च्या सुमारास आणि जवसाचा 170 च्याही वर. ज्यांस प्रत्यय हवा असेल त्यांनी काचेच्या तुकड्यावर जवसाचा आणि शेंगदाण्याचा एकेक थेंब पातळ पसरून तो तुकडा काही दिवस उन्हात ठेवावा. पहिला नखाने खरवडावा लागतो, दुसरा बोटाला तसाच ओला लागतो. जवसाच्या याच गुणावर युरोपातील तैलचित्रकला शतकानुशतके उभी राहिली, आणि 1863 साली फ्रेडरिक वॉल्टन याने लिनोलियमचे पेटंट घेतले तेही याच आधारावर.

यास्तव माझा कौल जवसालाच आहे, आणि तो विदर्भाच्या मातीतला जुना रब्बी जिन्नस आहे याचा मला आनंद वाटतो. मात्र खरेदी करताना दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून जे जवस तेल मिळते, त्यात ते लवकर सुकावे म्हणून कोबाल्ट, मँगनीज आदी धातूंची संयुगे घालण्याचा प्रघात आहे. ते दाराच्या चौकटीस द्यावे, अन्नाशी संबंध येणाऱ्या फळीस कदापि देऊ नये. घाण्यावर काढलेले, खाण्याचे कच्चे जवस तेल घ्यावे. दुसरे असे की, भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या टीएल-99 या जवसाच्या वाणात लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ज्याच्या असंपृक्त बंधांमुळे जवस तेल सुकते तोच घटक, पाच टक्क्यांहूनही कमी ठेवलेले आहे. त्यामुळे ते तेल स्वयंपाकात अधिक टिकाऊ ठरते, परंतु लाकडावर सुकण्याच्या कामी तितकेच उणे पडते. घाणीवाल्याकडे वाणाची चौकशी करण्यास संकोच बाळगू नये.

फळी धुऊन, सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळवून, बारीक पॉलिश पेपरने घासावी. तेल अगदी पातळ हाताने नसांच्या दिशेने चोळावे, आणि ज्या टोकांस नसा कापलेल्या दिसतात तेथे अधिक द्यावे, कारण लाकूड तेथूनच पाणी पिते. अर्ध्या तासाने वर राहिलेले सारे तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. येथेच बहुतेकांची कसूर होते, आणि मग दोष तेलास दिला जातो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे तीन-चार हात झाले की फळी निदान तीन आठवडे वापराविना हवेशीर जागी ठेवावी. इतका अवकाश ज्यांस नसेल त्यांनी औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन वापरावे. ते सुकत नाही, पण खवटही होत नाही, मात्र धुण्याने निघून जात असल्यामुळे वरचेवर द्यावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जवस तेल सुकताना उष्णता निर्माण होते, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. 1991 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीस अशाच चिंध्यांपासून आग लागली आणि तीन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. ज्या घरात शेजारीच कापसाची गंजी असते, तेथे हा धोका क्षुल्लक मानू नये. काम संपताच चिंध्या पाण्यात बुडवाव्यात आणि नंतर अंगणात एकेक सुटी पसरून वाळवाव्यात. मधमाशीच्या मेणाचा विचार पुढील लेखांकात करू.