थंड पाण्यातला मासा आणि खोटे आमिष

गळाला गांडूळ लावून मासा कसा धरावा हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. अमेरिकेत मात्र बास नावाच्या माशासाठी लोक लाकडाची, धातूची, प्लॅस्टिकची खोटी आमिषे वापरतात. थंडीत त्यांतले कोणते घ्यावे, याचा तिथे मोठा खल चालतो. बास हा काही आपल्या नद्यांतला मासा नव्हे. पण या निवडीच्या मुळाशी जे आहे, ते आपल्या तळ्यातल्या रोहू-कटल्यालाही लागू पडते.

बास हा शिकारी मासा. उन्हाळ्यात तो पाण्यावरचा बेडूकसुद्धा झडप घालून गिळतो. त्या दिवसांत फडफडणारे, झपाट्याने ओढायचे आमिष चालते. परंतु माशाचे अंग आपल्यासारखे सदा ऊबदार राहत नाही. पाणी जितके गार, तितका तो गार. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की त्याचे पचन मंदावते आणि एकदा खाल्लेले पुष्कळ दिवस पुरते. पळत्या भक्ष्यामागे धावण्यात जी शक्ती जाईल, ती खाण्यातून भरून निघणार नसेल तर तो जागचा हलत नाही. लोक त्याला आळशी म्हणतात. मला तर तो हिशेबी वाटतो! आपल्याकडचे मत्स्यपालकही कडक थंडीत माशांचे खाद्य कमी करतात, ते याच कारणाने. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि पैसा जातो तो वेगळाच.

आता दुकानात गेलेला नवखा माणूस आधी रंग पाहतो. नितळ पाण्यात फिकट रंग आणि गढूळ पाण्यात भडक रंग, एवढे लक्षात ठेवले तरी रंगाचे काम भागते. थंडीत विचारायचे ते असे, की हे आमिष हळू ओढले, किंवा मुळीच ओढले नाही, तरी ते जिवंत वाटते का?

याचे उत्तर शॅड नावाच्या लहान माशाकडे पाहिले की कळते. हा आपल्या तारलीच्या गोत्यातला, चांदीसारखा चकचकीत मासा. त्याची थ्रेडफिन नावाची जात अमेरिकेच्या दक्षिणेकडील जलाशयांत थव्यांनी राहते. पाणी ७ अंशांच्या आसपास आले की हे मासे गारठून मरू लागतात. मरणारा शॅड पळत नाही. थरथरतो, एका अंगावर कलतो, निपचित होतो, मग पुन्हा एक झटका देतो. बासला बसल्या जागी मिळणारे जेवण ते हेच. फिनलंडमधले कोळी लौरी रापाला यांनी १९३६ साली बुचाचा मासा कोरला तो अशाच निरीक्षणातून. शिकारी मासा थव्यातला लडखडणारा मासा आधी उचलतो, हे त्यांनी पाहिले होते.

म्हणून थंडीसाठी असा खोटा मासा घेतात, की जो तरंगतही नाही आणि बुडतही नाही. दोऱ्याला हलका झटका द्यायचा आणि थांबायचे. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. शिक्षक मंडळींना इथे एक गंमत सापडेल. पाणी ४ अंशांपर्यंत जसजसे थंड होते तसतसे ते घट्ट होते, म्हणजे तेवढ्याच पाण्याचे वजन वाढते. त्यामुळे कोमट पाण्यात अधांतरी राहणारे आमिष गार पाण्यात हळूहळू वर येऊ लागते. जाणते लोक ते आधी होडीच्या कडेला पाण्यात सोडून बघतात आणि गळाला बारीक तार गुंडाळून वजन जुळवतात.

उत्तरेत तळी गोठतात, तेव्हा हेच ४ अंशांचे जड पाणी तळाशी राहते. तिथे जड धातूचे आमिष तळाशी सोडून जागच्या जागी हलवतात. (शिसे गिळून पाणपक्षी मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायर राज्यात लहान वजनाच्या शिशाच्या आमिषांना कायद्याने मनाई आहे.)

मला सर्वांत आवडलेली युक्ती टेनेसी राज्यातली. टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवर डेल हॉलो नावाचा जलाशय आहे; त्याचे धरण १९४३ साली पुरे झाले. असल्या डोंगराळ, खोल, नितळ जलाशयांत हिवाळ्यात बास तळ धरत नाही. शॅडच्या थव्याखाली मधल्याच पाण्यात तो उभा असतो. तिथे जड आमिष त्याच्या तोंडासमोरून क्षणात खाली निघून जाते. म्हणून तिथले लोक पिसांचे किंवा केसांचे, दोन-तीन ग्रॅम वजनाचे आमिष घेतात आणि त्याच्या वर आठ-दहा फुटांवर दोऱ्याला एक तरंगते बोंड बांधतात. एवढा दोरा खाली लोंबकळत असता फेकायचा, म्हणून काठीही लांब, आठ-नऊ फुटांची. पुढचे काम लाटा करतात. बोंड हलले की खालचे आमिष जागच्या जागी थरथरते. वारा पडलाच तर काठीचे टोक किंचित हलवायचे, ओढायचे मात्र नाही.

आपल्याकडे बूच बुडाले की आपण काठी उचलतो. इथे मासा खालून येऊन आमिष वर उचलतो, त्यामुळे बोंडावरचा भार जातो. उभे असलेले बोंड नुसते आडवे पडते, आणि काठी उचलायची ती तेव्हाच.