बॅरिस्टर नाथ पै कोण होते? त्यांच्या एका विधेयकाची चर्चा आजही का होते?

संविधानात बदल करायचा अधिकार कुणाचा आणि किती? या वादात एका कोकणी खासदाराचं नाव हमखास येतं, ते म्हणजे बॅरिस्टर नाथ पै.

वेंगुर्ला ते लंडन

नाथ पै यांचा जन्म 1922 साली वेंगुर्ल्यात झाला. 1942 च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. पण त्यांचं खरं काम कोर्टात नाही, तर संसदेत झालं. 1957, 1962 आणि 1967 अशा सलग तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. प्रजा समाजवादी पक्षाचे हे खासदार कायम विरोधी बाकांवरच होते.

विधेयक नेमकं काय होतं?

फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 5 अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं. संसदेला संविधानातली कोणतीही तरतूद बदलता यावी, अशी त्यात मागणी होती.

मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाला खासगी विधेयक म्हणतात. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात. तरीही हे विधेयक संयुक्त समितीपर्यंत पोहोचलं. मूलभूत हक्क बहुमताच्या हाती देणं धोक्याचं आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता.

मग काय झालं?

डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात नाथ पैंचं निधन झालं. वय अवघं 48.

त्याच वर्षी इंदिरा गांधी सरकारने 24 वी घटनादुरुस्ती करून संसदेला तो अधिकार दिला. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली, पण एक अट घातली: संसद संविधान बदलू शकते, मात्र त्याचा मूळ गाभा मोडू शकत नाही.

म्हणजे नाथ पैंचं म्हणणं टिकलं आणि त्यांच्या विरोधकांची भीतीही दुर्लक्षित राहिली नाही. संविधान बदलाचा विषय निघाला की आजही आपण याच दोन टोकांच्या मध्ये उभे असतो.